मला बाहुला कधीच सापडत नाही

१५ डिसेंबर, सकाळ
उद्या सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा. कॉम्बी, माझी जुनी फोक्सवॅगन व्हॅन, तयार आहे. अकरा वर्षं अंगणात उभी होती म्हणून सगळी गल्ली हसायची. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. आता तिथे पलंग आहे, मी स्वतः ठोकलेला. पाय जरा दुमडावे लागतात, पण दोघांना पुरेल.

ओतिलिया ऑगस्टपासून बहिणीकडे विश्रांतीला गेली आहे. गल्लीतले लोक म्हणतात, सोडून गेली. लोकांना काय, जीभ उचलली की लावली टाळ्याला. जाताना ती एवढंच म्हणाली, एवारिस्तो, जेवण फ्रिजमध्ये आहे. यात भांडण कुठे आलं? दागिने सगळे घरात. नेली फक्त एक सुटकेस आणि फळीवरची कॉफीची जुनी बरणी. सोडून जाणारी बाई कानातली नेते. बरणी कोण नेतं? गेले चार महिने मी कॉफी पिशवीतून चमच्याने काढतोय आणि ती सांडते.

बेत असा : चोवीसला संध्याकाळी तिच्या दारात हजर. ख्रिसमसचं जेवण. मग तिला कॉम्बीत बसवून समुद्राकाठाने रमतगमत घरी. तिला ख्रिसमसला समुद्र बघायचा होता. दरवर्षी म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. हे ते पुढचं वर्ष.

संकल्प : चिडायचं नाही. कोणालाही रस्ता विचारायचा नाही. बत्तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, मला नकाशा लागत नाही. तलाकेपाकेहून खाली उतरायचं, समुद्र लागला की तो उजव्या हाताला ठेवायचा. शेंबडं पोरही चुकणार नाही.

१६ डिसेंबर
निघालो. ११.४० वाजता. बॅटरी. गल्लीतल्यांनी धक्का मारला. गरजेपेक्षा जास्त उत्साहाने मारला असं वाटलं. समोरच्या दोन्या रेमेदियोस खिडकीत तोंड घालून म्हणाल्या, ओतिलियाला सांगा, आम्ही तिला नावं ठेवत नाही. कशाबद्दल नावं ठेवायची? विचारणार तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि मग थांबवायची हिंमत झाली नाही.

कोटाच्या खिशाला भोक आहे. सुटे पैसे पडले. ओतिलिया असती तर शिवून ठेवलं असतं. अशा बारीकसारीक गोष्टींत तिचं लक्ष असतं.

१७ डिसेंबर, दुपारी ३
समुद्र डाव्या हाताला आहे. दोन तास मी त्याला खाजणाचं पाणी समजत होतो. त्या भागात मोठं खाजण आहे, कोणत्याही पुस्तकात बघा. पाटी चुकीच्या कोनात लावलेली होती. उत्तरेला शंभर किलोमीटर आलो. परत फिरलो. रस्ता कोणालाही विचारलेला नाही, याची नोंद असावी.

१९ डिसेंबर, तेकोमान
चढावर धूर. कॉम्बीचं इंजिन मागे असतं त्यामुळे धूर मागच्या माणसाला दिसतो. मागचा माणूस ट्रकवाला होता, तो बराच वेळ हॉर्न वाजवत होता. मी त्याला हात केला. मला वाटलं, सणाचा आनंद.

मेकॅनिकचं नाव रुतिलिओ. आमच्याकडे मेकॅनिकलाही मास्तर म्हणतात आणि शिक्षकालाही, त्यामुळे आम्ही सकाळपासून एकमेकांना मास्तर मास्तर म्हणतोय. त्याने हवेच्या नळीतून कोंबडीचं घरटं काढलं. म्हणाला, मास्तर, हे इंजिन आहे का खुराडं? मग विचारलं, मालकीणबाई कुठे? मी सांगितलं, बहिणीकडे, विश्रांतीला. म्हणाला, माझीही विश्रांतीलाच गेलीय, तिहुआनाला, एका टॅक्सीवाल्याबरोबर. आणि पाना खाली ठेवून हसत सुटला. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२२ डिसेंबर, अजून तेकोमान
एक पार्ट ग्वादालाहाराहून येणार आहे, आमच्या तलाकेपाकेला लागूनच. म्हणजे मी जिथून आलो तिथून.

आज मुलीचा, नोएमीचा फोन. म्हणाली, पप्पा, आईला कळवलंय मी. चोवीसला येऊ नकोस म्हणतेय, मावशीकडे गर्दी आहे. आलासच तर सहा जानेवारीला ये, रोस्का कापायला. आणि तिनं विचारलंय, या वर्षी तरी तुला बाहुला सापडणार आहे का?

काय पण प्रश्न. तीन राजांच्या सणाला रोस्का कापतात. मोठा गोल गोड पाव, आत बाळ येशूचा बोटाच्या पेराएवढा बाहुला. ज्याच्या तुकड्यात बाहुला निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, खाऊ घालायचे. तीस-चाळीस माणसांचे तमाले म्हणजे खायचं काम नाही. मला बाहुला कधीच सापडत नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. सगळी सासुरवाडी माझ्या नशिबाचा हेवा करते. ओतिलियाच दरवर्षी म्हणते, जाऊ दे, मी करते.

तेव्हा अजून वेळ आहे. उलट बरंच झालं. आपण येणार म्हटल्यावर लोकांना तयारीला सवड दिलेली बरी.

२४ डिसेंबर, मिचोआकानचा किनारा
निघालो एकदाचा. संध्याकाळी एका वाळूवर गाडी लावली. शेजारी कॅनडाचं एक म्हातारं जोडपं, बसएवढी गाडी घेऊन. चालवते बाई. नवरा शेजारी बसून संत्री सोलतो. बाईने ती अजस्र गाडी दोन झाडांच्या मधे उलटी घातली, एका दमात. त्यांच्या गाड्या आपोआप चालत असणार.

ओतिलियाला गाडी येत नाही. एकदा शिकव म्हणाली होती. मी एक तास शिकवलं. तिने ब्रेक दाबला तो इतका हळुवार की मला काळजी वाटली. असा माणूस रस्त्यावर टिकत नाही. तिला दिशाही कळत नाहीत. मी तिच्या भल्यासाठीच बंद केलं.

कॅनडावाल्यांनी जेवायला बोलावलं. नको म्हटलं. त्यांना वाटलं असतं, मला कोणी नाही. ट्यूना डब्यातून खाल्ला. डबा उघडायला काही नव्हतं, स्क्रू-ड्रायव्हरने उघडला. नोएमीला मेसेज केला की समुद्राकाठी माशाची मेजवानी.

२५ डिसेंबर
समुद्र पाहिला. पाणी आहे. वाळू पलंगात, वाळू मोज्यांत, वाळू कॉफीत. यासाठी एक बाई तीस वर्षं तोंड पाडून बसते, हे मला कळत नाही. मी तिला काय कमी केलं? पगार घरी आणला. दारू नाही, बायका नाहीत. घरी असायचो. दर रविवारी घरी असायचो. तीच म्हणायची, तू आहेस पण कुठे आहेस. अशी वाक्यं ती कुठून आणायची देव जाणे. सकाळपासून रडू येतंय. धुराने असणार.

२८ डिसेंबर
गतिरोधक. प्रत्येक गावाला तीन, पाटी एकालाही नाही. दोन ताटं फुटली, पलंगाचा एक पाय गेला. सिवातानेहोत एका माणसाला रस्ता विचारला. म्हणजे विचारला नाही, मला माहीत होताच, त्याला माहीत आहे का ते पाहिलं. त्याला माहीत होता. शाबास म्हणालो.

१ जानेवारी, सकाळ
काल रात्री एका गावात होतो. बाराचे ठोके पडले आणि घराघरांतून बायका रिकाम्या सुटकेस ओढत बाहेर. चौकाला एक फेरी मारून घरात. नव्या वर्षाची पहिली फेरी सुटकेस घेऊन मारली की वर्षभरात प्रवास घडतो म्हणतात.

ओतिलिया दरवर्षी जायची. एकटी. थंडीत, तीच तपकिरी सुटकेस घेऊन. मी दार धरून उभा राहायचो आणि म्हणायचो, काय, पॅरिसला पोचलीस का? शेजारीपाजारी हसायचे. तीही हसायची, पहिली काही वर्षं.

या वर्षी गेली असेल का फेरीला, कुणास ठाऊक. प्रवास तर झालाच आहे तिचा.

४ जानेवारी, पिनोतेपाजवळ
मोठी गोष्ट घडली. टायर बदलताना कोटाच्या अस्तरात काहीतरी टोचलं. बोट घातलं तर बाहुला. गेल्या वर्षीचा. खिशाच्या भोकातून अस्तरात गेला होता.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तीन-चारदा माझ्या तुकड्यात बाहुला आला होता. फार तर पाचदा. जिभेने गालात सरकवायचा, रुमालात काढायचा, खिशात टाकायचा. सगळेच करतात. एकदा गिळलाही होता. याला लबाडी म्हणत नाहीत. घरी ओतिलिया असताना मी तमाले करायला बसलो असतो तर तिलाच वाईट वाटलं असतं.

पण आता विचार करा. सहा तारखेला सगळ्यांदेखत बाहुला माझ्या तुकड्यात निघाला तर? दोन फेब्रुवारीपर्यंत मला हलता येणार नाही. रीतच आहे. बाहुलेवाल्याला कोण हाकलणार? पूर्ण महिना तिच्याजवळ! शिवाय ती बघेल, हा माणूस बदलला. आणि तमाले काय, दोन बहिणी आहेतच हाताशी. मी वरून लक्ष ठेवीन. इतका साधा उपाय आधी कसा सुचला नाही. रिकामं टायर घेऊन तासभर खूश होऊन बसलो होतो.

५ जानेवारी, ला लागुनिता
पोचलो. मेव्हणी चेपिना दारात आली. म्हणाली, या दाजी, तुमची वाट बघून बघून टर्की संपली, ख्रिसमस संपला, वर्षही संपलं. ओतिलिया मासळी साफ करत होती. मान वर करून म्हणाली, आलास? हात धू. बारीक झाली आहे, उन्हाने काळवंडली आहे. चांगली दिसते. सांगणार होतो, पण तेवढ्यात ती कॉम्बीकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. टायरला पायाने ठोकून बघितलं. डोळ्यांत चमक होती. मला भरून आलं.

झोपायला ओसरीवर झोपाळा दिला आहे. कॉम्बीत उकडतं म्हणून.

६ जानेवारी, संध्याकाळ
लिहिणं भाग आहे.

अंगणात गावातली वीसएक माणसं. रोस्का चेपिनाने घरीच भाजलेला. सगळ्यांनी तुकडे कापले. मी मोठा कापला. बाहुला गालात आधीपासूनच होता. तिसऱ्या घासाला ठरल्याप्रमाणे दचकलो, हाताने काढला, वर धरला. म्हणालो, अखेर! एकतीस वर्षांनी! आणि छोटंसं भाषण केलं. दोन फेब्रुवारीला, याच अंगणात, सगळ्यांना माझ्या हातचे तमाले. माझ्या हातचे, हे दोनदा म्हणालो. एक म्हातारा टाळ्या वाजवू लागला.

चेपिना म्हणाली, दाजी, पण मी बाहुला घातलाच नव्हता. बाजारात संपले होते. आमची आजी घालायची तसं वालाचं सुकं बी घातलंय.

टाळ्या थांबल्या. मग ओतिलियाने आपली मूठ उघडली. आत वालाचं बी. म्हणाली, हे मला आलंय. दरवेळी मलाच येतं.

ती उठून आत गेली आणि कॉफीची बरणी घेऊन आली. बरणीत बाहुले होते. टेबलावर एकेक मांडत गेली. कोणाचा हात तुटलेला, एक साबणाने पांढरा पडलेला. सतरा. म्हणाली, मी तुझ्या पँटी धुते, एवारिस्तो. तुला काय वाटलं, खिसे कोण उलटे करतं? मग माझ्या हातातला घेतला, पुसला आणि रांगेत शेवटी ठेवला. टाळ्यावाल्या म्हाताऱ्याने अठरा असं मोठ्याने म्हटलं. काही लोक हसले. चेपिना तर ॲप्रन तोंडात कोंबून आत पळाली.

मी म्हणालो, सतरा कसे होतील, चार-पाचच होते.

७ जानेवारी
रात्रभर विचार केला. ती चिडली नाही, हे महत्त्वाचं. आवाज चढला नाही. शेवटी म्हणाली ते असं : सगळ्यांदेखत बोललास ना, आता कर तमाले. राहा महिनाभर. म्हणजे माझा बेत यशस्वीच झाला. वाट जरा वेगळी निघाली.

१५ जानेवारी
दिवस चांगले चालले आहेत. चेपिना रोज सकाळी मला शिकवते. मक्याचं पीठ मळायचं, डुकराची चरबी फेटायची. चरबी हाताने तासभर फेटावी लागते. हलकी झाली की नाही हे बघायला पिठाची गोळी पाण्याच्या ग्लासात टाकतात. तरंगली तर झाली. माझी तळाला जाते. चेपिना म्हणते, दाजी, तुमची गोळी मास्तर आहे, खाली बसून राहते.

ओतिलिया मला न सांगता कॉम्बी सजवतेय! पडदे लावले. पलंगाचा पाय सुताराकडून बसवून घेतला आणि पलंग हातभर वाढवला. किल्ली मागितली, सामान ठेवायला. दिली. घरी जायची तयारी. मी काही न कळल्याचं दाखवतो.

२४ जानेवारी
दोन किरकोळ तक्रारी. ड्रायव्हरची सीट रोज सकाळी पुढे सरकलेली असते, बहुतेक पट्टी सैल आहे. आणि पेट्रोल कुठेतरी गळतंय. मी स्वयंपाकघरात असतो तोपर्यंत काटा हमखास खाली जातो. खाली वाकून पाहिलं, डाग नाही. उन्हाने उडत असेल.

काल ओतिलियाने आपण होऊन विचारलं, कॉम्बीचा रिव्हर्स कसा पडतो? तिला माझ्या विषयात रस वाटतोय, किती वर्षांनी. दांडा आधी खाली दाबायचा, मग मागे, हे मी तासभर समजावलं. आकृती काढून दिली. तिने मान हलवत ऐकलं आणि आकृती घडी करून ठेवून घेतली. आमच्या लग्नातला हा सर्वांत चांगला तास असावा. एउफ्रोसिना नावाची बाई कट्ट्यावर बसून ऐकत होती. ती मासळीचा टेम्पो चालवते. तोंड दाबून हसत होती. बायकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

३१ जानेवारी
आज ओतिलियाने माझा कोट शिवला. भोक बुजवलं. अस्तरही. म्हणाली, घे, आता काही पडणार नाही. मी म्हणालो, बुधवारी निघू या का घरी? म्हणाली, आधी तमाले होऊ देत. तिने नाही म्हटलेलं नाही.

२ फेब्रुवारी, दुपार
पहाटे चारला उठलो. चरबी फेटली. उजवा हात गेला, डाव्याने फेटली. केळीची पानं विस्तवावर शेकली, बोटं भाजली. गोळी टाकली, बुडाली. परत फेटली. परत बुडाली. साडेसहाला बाहेर कॉम्बी सुरू झाल्याचा आवाज आला. धक्का न मारता, पहिल्या झटक्यात. मला वाटलं, ओतिलिया गाडी गरम करतेय. हात चरबीत होते म्हणून बघायला गेलो नाही. रिव्हर्स स्वच्छ पडला, तेवढं ऐकलं आणि मला अभिमान वाटला.

नऊला चेपिना आली. म्हणाली, दाजी, ती गेली. एउफ्रोसिनाही बरोबर आहे, दोघी ग्वातेमालाच्या हद्दीपर्यंत जाणार, पुढचं पुढे. गाडी तुमच्या दोघांच्या नावावर आहे म्हणाली. आणि हे तुम्हाला ठेवलंय.

बरणी.

मी म्हणालो, ती रस्ता चुकेल. तिला दिशा कळत नाहीत. चेपिना म्हणाली, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, दाजी. त्यात चुकायचं काय?

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
चाळीस माणसं आली. तमाले दगडासारखे झाले होते. सगळ्यांनी खाल्ले, सणाचं अन्न टाकत नाहीत. टाळ्यावाला म्हातारा बराच वेळ चावत होता, मग म्हणाला, गेल्या वर्षी कुणी केले होते, त्यांना विचारून घ्या एकदा.

भांडी घासली. हात अजून उचलत नाही. एक दिवस केलं तर ही गत. एकतीस वर्षं ती पहाटे चारला उठून हे करत होती आणि मला कधी कळलंच नाही, असं लिहिणार होतो.

पण इथे कोणी वाचणार नाही. मला कळत होतं. भिंतीपलीकडून चरबी फेटल्याचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, ती हात बदलत असणार, मग परत सुरू. मी जागा असायचो. दरवर्षी. ती दारात येऊन बघायची, तेव्हा डोळे मिटून घ्यायचो.